उभ्या इंजिनांत पाणी कोठून शिरतें ?

भाताची आवणी आटोपली व खाचरें भरलीं म्हणजे भोर व वेल्हे या भागांतील शेतकऱ्यास आपल्या तेलाच्या इंजिनाची आठवण राहत नाहीं. आषाढ-श्रावणांत आभाळच पाणी देतें. मग नदीकांठीं अगर धरणाच्या फुगवट्याच्या कडेस पत्र्याच्या छपरीखालीं उभें असलेलें यंत्र पाहावयास जातो कोण? पुढें पूर्वा किंवा उत्तरा नक्षत्रांत पाऊस एकाएकीं ताण देतो. भात पोटरींत असतें, खाचरांना भेगा पडूं लागतात, आणि एका सकाळीं दोघे-तिघे गडी घाईघाईनें इंजिनापाशीं जातात. हँडल अर्धा फेर फिरतें व अडतें. “जाम झालें आहे, जोर लावा,” असें कोणी तरी म्हणतो. जोर लागतो, आंतून एक बोथट आवाज येतो, आणि त्या आवाजाबरोबर पोटरींतलें भातही हातचें जाण्याची वेळ येते.

हा बोथट आवाज कशाचा, व तो टाळावयाचा तर हँडल मारण्यापूर्वीं काय पाहावें, एवढाच या लेखाचा विषय आहे. विजेच्या मोटारी आतां गांवोगांव झाल्या आहेत व सूर्यशक्तीवर चालणारे पंपही दिसूं लागले आहेत, हें आम्ही जाणतों. तथापि जेथें तारा पोंचल्या नाहींत, किंवा जेथें पाण्याच्या कडेबरोबर पंप हलवावा लागतो, तेथें डिझेलचें इंजिन अजून उपयोगीं पडतें. १९२८ सालीं खुल्या झालेल्या भाटघरच्या लॉइड धरणाची कडा पाहा, किंवा नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगांव यांची पाहा. पाणी जसजसें ओसरतें तसतशी गाळपेर जमीन उघडी पडते, आणि इंजिनही पाण्यामागोमाग उतरणीवर खालीं न्यावें लागतें. पुढें पावसाळ्यांत पाणी चढूं लागलें म्हणजे तें परत वर आणावें लागतें, आणि तें आणण्यास आपण नेहमींच दोन दिवस उशीर करतों. पाण्याजवळ राहणें हेंच या यंत्राचें काम. म्हणून पाणी पोटांत जाणें हाच त्याचा नेहमींचा रोग.

प्रथम हँडल कां अडतें तें पाहूं. डिझेलच्या इंजिनांत हवा दाबून इतकी तापवितात कीं तींत उडविलेलें डिझेल ठिणगीवांचून पेटतें. त्याकरितां पिस्टन वरच्या टोकास गेल्यावर त्याच्या डोक्यावर अगदीं थोडी जागा ठेविलेली असते. आपल्याकडे सर्रास आढळणारें पांच अश्वशक्तीचें एका सिलिंडरचें इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर व पिस्टनची चाल ११० मिलिमीटर असली तर पिस्टन खालून वर जातांना सुमारें ५५३ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. दाबाचें प्रमाण साडेसोळास एक धरलें तर शेवटीं उरणारी जागा सुमारें ३६ घन सेंटिमीटर भरते. म्हणजे स्वयंपाकघरांतल्या मोठ्या चमच्यानें सुमारें अडीच चमचे. एवढ्या जागेंत हवा मावते, कारण हवा आक्रसते. पाणी आक्रसत नाहीं. पिस्टनच्या डोक्यावर याहून अधिक पाणी असेल व दोन्ही व्हॉल्व मिटलेले असतील, तर पिस्टन वर जाऊंच शकत नाहीं. मागून जड फ्लायव्हीलचा वेग व दोन गड्यांचा जोर येतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वांकतो. बोथट आवाज तो हाच.

रॉड थोडाच वांकला तर इंजिन पुढें चालूंही लागतें, आणि ही गोष्ट आम्ही अधिक वाईट समजतों. पिस्टन पूर्वीइतका वर जात नाहीं, दाब कमी पडतो, सकाळीं सुरू होतांना इंजिन कुरकुरतें, धूर काळा येतो व लायनर एका अंगानें झिजूं लागतो. मालक नोझलला दोष देतो, फिटर रिंगा बदलून जातो, आणि दोन वर्षांनीं लायनर बाहेर काढल्यावर मूळ दुखणें दिसतें. तोंपर्यंत त्या पावसाळ्याची व त्या अडीच चमचे पाण्याची आठवण कोणासही राहिलेली नसते.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, महिनाभर उभें राहिलेलें इंजिन आधीं हँडलानें फिरवूंच नये. दाब सोडण्याची कळ उचलून धरावी व फ्लायव्हील हातानें, सावकाश, पुरे दोन फेरे फिरवावें. दोन फेरे एवढ्याकरितां कीं चार चालींच्या इंजिनांत एका फेऱ्यानें सर्व चाली पुऱ्या होत नाहींत. चाक कोठें अडलें तर तेथेंच थांबावें, नोझल काढावें व मग फिरवावें. पाणी असेल तर नोझलच्या भोंकांतून पिचकारी उडते. तोंड त्या भोंकावर धरूं नये, हें सांगण्याची आवश्यकता नसावी. पण उत्सुकतेनें वांकून पाहणारा एक तरी गडी प्रत्येक ठिकाणीं असतो, म्हणून सांगून ठेवतों.

आतां तेलाकडे वळूं. पाणी सिलिंडरांत असो वा नसो, चेंबरांतील तेल पाहिल्याशिवाय इंजिन चालूं करणें म्हणजे विहिरींत न डोकावतां घागर सोडणें होय. तेल मोजण्याची पट्टी पुसून आंत घालावी. मागील खेपेस तेल जेथें होतें त्याहून तें वर आलें असेल तर त्यांत कांहीं तरी मिसळलें आहे. तेल आपण होऊन वाढत नाहीं. मिसळणारी वस्तु दोनांपैकीं एक असते, पाणी अगर डिझेल. डिझेल उतरलें असेल तर तेल पातळ होतें, बोटांवर चिकटपणा राहत नाहीं व वास लपत नाहीं. पाण्याचा संशय असेल तर तवा किंवा पत्र्याचा तुकडा चुलीवर चांगला तापवून विस्तवापासून दूर घ्यावा व त्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. निखळ तेल मुकाट्यानें धुरावतें. पाणी मिसळलेलें तेल फोडणींतल्या मोहरीसारखें तडतडतें. ही परीक्षा गिरणींतल्या पोरासही करतां येते, आणि फिटरची फी वाचवावयाची असेल तर हिच्याइतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाहीं.

यानंतर चेंबराच्या तळाचा बोल्ट सैल करावयाचा. पण पुरा काढावयाचा नाहीं. इंजिन रात्रभर निश्चल असावें, खालीं कांचेची स्वच्छ बाटली धरावी आणि बोल्टाचे दोन-तीन आटे उलगडावे. पाणी तेलाहून जड, म्हणून तळाचें पाणी आधीं येतें. बाटलींत प्रथम स्वच्छ पाणी व मागाहून काळें तेल आलें, तर पाणी शिरल्यापासून इंजिन चाललेलें नाहीं असें समजावें. बाटलींत दूध घातलेल्या चहासारखा एकजीव द्रव आला, तर पाणी आंत असतां इंजिन चाललें आहे व क्रँकनें ताक घुसळावें तसें तेल घुसळून काढलें आहे. येथें पुष्कळांची एक चूक होते. पांढुरकें तेल दिसलें कीं ते लगेच “हेडचें गॅस्केट गेलें” असें म्हणतात. पांढुरक्या तेलानें एवढेंच सिद्ध होतें कीं पाणी शिरल्यावर इंजिन फिरलें. तें पाणी चालतांना शिरलें, कीं उभें असतां शिरून मग घुसळलें गेलें, हें त्यावरून कळत नाहीं. हा भेद ओळखणें हाच या निदानाचा गाभा आहे, कारण दोहोंचीं दारें निराळीं आहेत.

तेल घालण्याच्या बुचाच्या आंतल्या अंगास थोडी पांढुरकी साय धरली आहे, पण पट्टीवरचें तेल स्वच्छ आहे, एवढ्यावरून मात्र घाबरूं नये. थंडीच्या दिवसांत इंजिन पंधरा-वीस मिनिटें चालवून बंद करण्याची संवय असली म्हणजे आंतली वाफ तेथें गोठते. एखादे दिवशीं तासभर भार देऊन चालविलें कीं ती साय जाते.

उभ्या इंजिनांत पाणी येण्याचें सर्वांत उघडें दार सायलेन्सरचें. आपल्याकडे धूर छपराबाहेर जावा म्हणून सरळ उभा पाईप लावतात व त्याचें तोंड आभाळाकडे मोकळें ठेवतात. पाईपाचा आंतला व्यास ४० मिलिमीटर असला तर त्याच्या तोंडाचें क्षेत्र सुमारें साडेबारा चौरस सेंटिमीटर होतें. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या तोंडांतून सुमारें १२५ घन सेंटिमीटर पाणी उतरतें, आणि वर सांगितल्याप्रमाणें रॉड वांकविण्यास ३६ पुरेत. म्हणजे २८-३० मिलिमीटरांची एक सर काम करून जाते. घाटमाथ्यास लागून असलेल्या वेल्ह्याच्या पश्चिम भागांत एवढा पाऊस हा पाऊसच समजत नाहींत. सुदैव इतकेंच कीं या पाण्यास सिलिंडरांत जाण्यासाठीं एक्झॉस्ट व्हॉल्व उघडा सांपडावा लागतो. तो मिटलेला असेल तर पाणी व्हॉल्वाच्या पाठीवर सांचून दांडीस व बैठकीस गंज चढवितें. परंतु कांहीं बनावटींच्या इंजिनांत दाब सोडण्याची कळ नेमका हाच व्हॉल्व उचलून धरते. आणि आमचे गडी इंजिन बंद केल्यावर ती कळ तशीच उचललेली टाकून घरीं जातात. यावर उपाय पैशाचा नाहीं. कळ खालीं पाडावी, चाक हातानें फिरवून दाबाच्या चालीच्या माथ्यावर आणून ठेवावें म्हणजे दोन्ही व्हॉल्व मिटतात, आणि पाईपावर एक रिकामा डबा किंवा नारळाची मोठी करवंटी पालथी घालावी. पाईपाचें तोंड वांकवून आडवें केलें तर अधिक बरें. हवेच्या गाळणींतही डोकावावें. तेलाची वाटी असलेल्या गाळणींत पावसाचें पाणी भरलें तर इंजिन तें पहिल्याच श्वासासरशीं ओढून घेतें.

दुसरें दार असें उघड नसतें, व त्याची गोष्ट आम्ही थोडी विस्तारानें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं गुंजवणीच्या कांठच्या आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराचें इंजिन दर दोन-चार दिवसांनीं तेलांत पाणी दाखवीत असे. गांवच्या फिटरनें हेड उतरविलें, गॅस्केट बदललें, आठवड्यानें पुन्हां बदललें. पाणी येतच राहिलें. मालक इतका कंटाळला कीं इंजिन भंगारांत घालण्याच्या बेतास आला. आम्हीं त्यास विचारलें कीं पाणी रोज येतें काय ? तो म्हणाला, रोज येत नाहीं, आणि गंमत अशी कीं ज्या दिवशीं फूटव्हॉल्वाखालीं काडीकचरा अडकून पंपाचें पाणी उतरतें, त्या दिवशीं इंजिन अगदीं निरोगी असतें. ही गंमत नव्हती. निदान त्यांतच होतें.

त्याच्या इंजिनास थंड करण्याचें पाणी पंपाच्या डिलिव्हरीच्या पाईपांतून बारीक नळीनें घेतलेलें होतें. तें पाणी सिलिंडरभोंवतीं खेळून दुसऱ्या नळीनें बाहेर पडे व पाटास मिळे. इंजिन चालत असतां बाहेरची नळी मोकळी, म्हणून आंत दाब असा कांहीं राहत नसे. मळा नदीपासून सुमारें अठरा मीटर उंचावर होता. सायंकाळीं इंजिन बंद झाल्यावर पाईपांतलें पाणी या मोकळ्या नळीवाटें उतरून जाई, आणि सकाळीं पंप पुन्हां पाण्यानें भरावा लागे. तो त्रास चुकविण्याकरितां गड्यानें एक युक्ति काढली होती: तो बाहेरच्या नळीच्या तोंडास लांकडाची खुंटी ठोकीत असे. आंत येणाऱ्या नळीचा कॉक बंद करावयाचा, तो उघडाच राही. परिणाम असा झाला कीं अठरा मीटर उंचीच्या पाण्याचा सगळा भार रात्रभर सिलिंडरभोंवतालच्या पोकळीवर बसे. दहा मीटर पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम. म्हणजे येथें तो पावणेदोनाच्या वर होता. ज्या इंजिनांत लायनरच्या बाहेरून प्रत्यक्ष पाणी खेळतें, त्यांत लायनरच्या खालच्या टोकास रबरी रिंगा असतात. त्या जुन्या होऊन कडक झाल्या होत्या. दिवसा दाब नव्हता म्हणून त्या गळत नसत. रात्रीं दाब आला कीं थेंब थेंब चेंबरांत उतरे. फूटव्हॉल्व गळला म्हणजे वरचें पाणी नदींत जाई, भार नाहींसा होई व इंजिन बरें होई.

याची खात्री करण्यास आम्हीं कांहीं उघडलें नाहीं. एका रात्रीं खुंटी तशीच ठेवून आंत येणारा कॉक बंद केला. सकाळीं तेलाची पट्टी जागच्या जागीं होती. दुसऱ्या रात्रीं कॉक उघडा ठेविला. सकाळीं तेल अर्धें बोट वर आलें. मग चेंबराच्या बाजूचें झांकण काढून विजेरीच्या उजेडांत लायनरच्या बुडाशीं पाहिलें, तेव्हां थेंब लोंबत होता. दोन रबरी रिंगा बदलल्या व खुंटी चुलींत घातली. फिटरचा दोष आम्ही फारसा मानीत नाहीं. त्यास दिवसा बोलावलें जाई, आणि रोग रात्रींचा होता.

या उदाहरणावरून पद्धत ध्यानांत येईल. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, एक रात्र जाऊं द्यावी, व पट्टी पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर इंजिन कदाचित् बरें होईल, पण कशानें बरें झालें तें कळणार नाहीं.

चालतांना शिरणाऱ्या पाण्याचीं लक्षणें निराळीं. हेडचें गॅस्केट जळलें किंवा हेडास चीर गेली, तर इंजिन तापूं लागतें, टाकीवर चालणाऱ्या इंजिनांत टाकींतलें पाणी कारणावांचून घटतें, चालतांना त्या पाण्यांत बुडबुडे येतात, व गरम झाल्यावरही धूर पांढरा राहतो. थंडीच्या सकाळीं पहिलीं दोन मिनिटें पांढरा धूर येतो तो न जळलेल्या डिझेलचा. त्यावरून कांहीं ठरवूं नये. तसेंच जें इंजिन हवेनें थंड होतें त्यास पाण्याची पोकळीच नसते, म्हणून त्याच्या तेलांत पाणी सांपडलें तर गॅस्केटाचें नांव काढण्याचें कारण नाहीं. पाऊस किंवा पूर, दोहोंपैकीं एक.

डिझेलमधून येणारें पाणी चेंबर भरूं शकत नाहीं; तें पंप व नोझल गंजवितें व इंजिन आचके देतें. फिल्टरच्या तळचें डिझेल बाटलींत काढून ठेवावें, पाणी खालीं बसतें. पिंप उघड्यावर उभें ठेवल्यास त्याच्या माथ्यावर पावसाचें पाणी सांचतें. दिवसा तापलेलें पिंप रात्रीं थंड होऊन आंत ओढ घेतें व बुचाच्या आट्यांतून तें पाणी शोषतें. पिंप आडवें ठेवावें, येवढेंच.

आतां पाण्यावरच्या इंजिनाविषयीं. धरणांच्या फुगवट्यापलीकडील गांवांस होडी अगर लाँच हाच पुष्कळ वर्षें जवळचा मार्ग होता. पावसाळ्यांत बांधून ठेविलेल्या अशा इंजिनाच्या बोटींत तेलाचें पाणी झालेलें आढळलें म्हणजे लोक बोटीचें बूड तपासतात. बूड कोरडें असलें तरी इंजिनांत पाणी असूं शकतें, व त्याचें कारण समजण्यास आपणांस पिंपांतून डिझेल काढण्याची क्रिया आठविली म्हणजे पुरे. रबरी नळीचें एक टोक पिंपांत सोडून दुसरें आपण तोंडानें ओढतों व खालीं धरतों. ओढावें लागतें तें एकदांच. पुढें डिझेल आपोआप वाहत राहतें. बोटीचें इंजिन तिच्या पोटांत, बहुधा बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून खालीं बसविलेलें असतें. बुडाच्या कॉकांतून पाणी येतें, लहान पंप तें ओढतो, तें इंजिनास थंड करतें, आणि शेवटीं धुराच्या नळींत सोडलें जाऊन धुराबरोबर बाहेर फेंकलें जातें. इंजिन बंद झालें तरी ही सर्व वाट पाण्यानें भरलेली राहते. बाहेरची पातळी उंच, धुराच्या नळीचा बांक खालीं; मग पिंपाप्रमाणेंच प्रवाह चालूं राहतो. पंपांतील रबरी पाती नव्या असतांना वाट अडवितात, झिजल्यावर अडवीत नाहींत. पाणी आधीं सायलेन्सर भरतें, मग एक्झॉस्ट व्हॉल्वापर्यंत चढतें, आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा असेल त्यांत उतरतें; तेथून रिंगांच्या फटींतून चेंबरांत. याकरितांच चांगल्या बांधणींत त्या नळीस पाण्याच्या पातळीहून वर एक कमान देतात, व कमानीच्या माथ्यावर हवा आंत घेणारी बारीक झडप ठेवतात. हवा आंत आली कीं ओढ तुटते. ही झडप गाळानें अगर गंजानें बुजली तर कमान असून नसल्यासारखी होते. ती काढून फुंकून पाहण्यास दोन मिनिटें लागतात, आणि ती फुंकून पाहिलेला मनुष्य आम्हांस अद्याप भेटला नाहीं.

कोंकणांतील खाडीवरच्या नाखव्यास एक सोय आहे. आंतलें पाणी खारट लागलें कीं तें बाहेरून आलें, गोडें लागलें कीं पावसाचें. आपल्या धरणांत दोन्ही पाणी गोडेंच, म्हणून रात्रींची परीक्षाच करावी लागते. सायंकाळीं बुडाचा कॉक बंद करावा, तेल पाहून ठेवावें, व बोटीच्या पोटांतील सांचलेल्या पाण्याची रेघ खडूनें मारून ठेवावी. सकाळीं तेल जागच्या जागीं असेल तर पाणी त्या कॉकाच्या वाटेनें येत होतें. तेल तरीही वाढलें, तर धुराच्या बाहेरच्या तोंडावाटें लाट चढते काय, किंवा वरच्या फळ्यांतून पावसाची धार इंजिनावर पडते काय, हें पाहावें. खडूच्या रेघेच्या वर पाणी गेलें असेल तर पंख्याच्या दांड्याच्या ग्लॅण्डची डोरी सैल झाली आहे किंवा बूड गळतें आहे. आणि तें सांचलेलें पाणी तेलाच्या पट्टीच्या नळीपर्यंत चढलें असेल, तर वेगळें कारण शोधण्याची गरजच नाहीं.

बोटीच्या बाबतींत आणखी एक धोका माणसाच्या हातचा आहे. इंजिन लवकर पेटत नाहीं म्हणून आपण तें फिरवीत राहतों. प्रत्येक फेऱ्यागणिक पंप पाणी ओढून धुराच्या नळींत टाकतो, पण तें बाहेर फेंकण्यास धूर नसतो; सायलेन्सर भरतो व पाणी मागें येतें. तीन-चार प्रयत्नांत इंजिन पेटलें नाहीं तर बुडाचा कॉक बंद करून मग फिरवावें, व पेटतांच तो उघडावा. उघडण्यास विसरलें तर पंपाची रबरी पाती कोरडी फिरून थोड्याच वेळांत जळते, म्हणून एका माणसानें कॉकावर हात ठेवूनच बसावें.

राहतां राहिलें तें पुरांत बुडालेलें इंजिन. धरण चढतांना कडेचें यंत्र पाण्याखालीं गेलें, तर तें बाहेर काढण्याची घाई करूं नये, असें आम्ही म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. पाण्याखालीं लोखंड सावकाश गंजतें; ओलें लोखंड हवेंत आलें कीं गंज झपाट्यानें चढतो. म्हणून आधीं फिटर, तेल व नवें फिल्टर यांची जुळणी करावी आणि ज्या दिवशीं सर्व हाताशीं असेल त्याच दिवशीं इंजिन वर घ्यावें. वर घेऊन आठ दिवस उन्हांत “वाळत” ठेविलेलीं इंजिनें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्या रिंगा लायनरला अशा धरल्या होत्या कीं पिस्टन घणानें काढावा लागला.

पाणी कोणत्याही दारानें आलेलें असो, तें काढण्याची रीत एकच. नोझल काढून चाक हातानें फिरवावें, सिलिंडर रिकामा करावा व त्यांत दोन-तीन चमचे स्वच्छ तेल सोडून पुन्हां फिरवावें. चेंबरांतील सर्व तेल काढून टाकावें, फिल्टर बदलावें, नवें तेल घालावें. नंतर इंजिन भारावांचून दहा-पंधरा मिनिटें चालवावें व गरम असतांनाच तें तेलही काढावें. तें पांढुरकें निघेल, व तें फेंकण्यास जीवावर येईल, तरी फेंकावें. बहुधा तिसऱ्या खेपेचें तेल स्वच्छ राहतें. खर्च नको म्हणून पहिलेंच तेल गाळून परत घालणारांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, बेअरिंगच्या किंमतीची त्यांनीं चौकशी केली आहे काय ?

आणि तळाचा बोल्ट सैल करून प्रथम काढलेली ती बाटली टाकून देऊं नये. बूच लावून तिच्यावर तारीख लिहावी, शेवटची पट्टी कोठें होती तें लिहावें, आदल्या रात्रीं पाऊस होता कीं नव्हता व कोणता कॉक उघडा राहिला होता तेंही लिहावें, आणि फिटर आला म्हणजे पाना हातीं देण्यापूर्वीं ती त्याच्या हातीं द्यावी.